सावंतवाडीचा बाजार: रेल्वेने सकाळी जाऊन रात्री घरी

कोकणात नव्याने बदली होऊन आलेल्या माणसाला पहिल्या महिन्याभरातच कोणीतरी सांगतं, "सावंतवाडीक जावन ये एकदा." कसं जायचं, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. सांगणाऱ्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटतच नाही. गाडीत बसायचं, उतरायचं, बाजार करायचा, परत यायचं. हा लेख रत्नागिरी, कणकवली, कुडाळ या पट्ट्यात राहायला आलेल्यांसाठी आहे. इथली रेल्वे आणि इथली दुपार या दोन्हींची ज्यांना अजून सवय झालेली नाही, त्यांच्यासाठी.

सावंतवाडी म्हणजे सावंत भोसल्यांच्या संस्थानाची राजधानी. जुनं नाव सुंदरवाडी. 1948 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पण तळं, तळ्याकाठचा राजवाडा आणि त्यांच्या भोवतीने वाढलेली बाजारपेठ ही गावाची मांडणी अजून तशीच आहे. सगळं चालत फिरता येतं, म्हणूनच गाडी न नेता रेल्वेने जाण्यासाठी हे गाव सोयीचं आहे.

परतीची गाडी आधी ठरवा

सहल ठरवताना माणूस जाण्याची गाडी शोधतो आणि परतीचं "बघू तिथे" म्हणून सोडून देतो. कोकण रेल्वेवर हे उलट करायचं. इथला मार्ग बहुतांश एकेरी आहे आणि गाड्यांची संख्या मुंबईच्या लोकलच्या हिशेबात मोजण्यासारखी नाही. एक चुकली की पुढची पंधरा मिनिटांत येणार नसते, कधी कधी त्या दिवशी येतच नाही. आधी परतीची गाडी पक्की करा आणि तिथून मागे मोजत दिवस आखा.

रत्नागिरी, कणकवली किंवा कुडाळहून सोयीची जोडी अशी: जाताना मुंबईहून रात्री सुटणारी कोकणकन्या. ती पहाटे रत्नागिरीला येते आणि पावसाळा सोडून इतर दिवसांत सकाळी आठ-साडेआठच्या सुमाराला सावंतवाडी रोडला पोचते. येताना तुतारी. ही गाडी संध्याकाळी सावंतवाडी रोडवरूनच सुटते, आणि तिच्या बाजूने बोलणारी सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. जी गाडी तिथूनच सुटते ती मागच्या कुठल्या स्टेशनात रखडून उशिरा येण्याची भीती कमी, आणि जागाही बरी मिळते. तुतारी हे नाव केशवसुतांच्या कवितेवरून ठेवलेलं. आधी हीच गाडी राज्यराणी म्हणून धावायची. तुतारी चुकलीच तर मडगावहून मुंबईला निघालेली कोकणकन्या रात्री मिळते. पण ती पुढची सोय म्हणून हाताशी ठेवायची, तिच्यावर दिवस आखायचा नाही.

मांडवीचा मोह टाळा. मुंबईहून येणारी मांडवी सावंतवाडीला पोचेपर्यंत दुपार कलते आणि परतीची मांडवी सकाळीच निघून जाते. दिवा–सावंतवाडी गाडी स्वस्त आणि मजेची आहे, जवळजवळ सगळीकडे थांबते, पण तिथे पोचेपर्यंत दिवस संपत आलेला असतो. एका दिवसाच्या कामाची नाही.

दोन गोष्टी प्रत्येक वेळी तपासायच्या. पहिली म्हणजे पावसाळी वेळापत्रक. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेवर गाड्यांचा वेग कमी ठेवतात, कारण डोंगर कापून काढलेल्या मार्गावर दरडीची भीती असते. त्या काळात सगळ्याच वेळा बदलतात आणि मे महिन्यात पाठ केलेली वेळ जुलैत उपयोगाची राहत नाही. दुसरी म्हणजे त्या दिवशीची गाडी प्रत्यक्षात कुठे आहे ते. निघण्याआधी मोबाइलवर गाडीची जागा बघा. एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला तुमची गाडी झारापसारख्या छोट्या स्टेशनात उभी राहू शकते, आणि अर्धा तास का थांबलो हे कोणी सांगत नाही. नवखा माणूस खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहतो, शेजारचे आजोबा डोळेसुद्धा उघडत नाहीत. त्यांचं ऐका, म्हणजे त्यांच्यासारखं बसा.

दिवस: शक्यतो मंगळवार

सावंतवाडीचा आठवडा बाजार मंगळवारी भरतो. रजा टाकावी लागली तरी मंगळवारच धरा. रविवारी गेलात तर तळं दिसेल, राजवाडा बाहेरून दिसेल, चार दुकानं उघडी असतील, पण गाव दिसणार नाही. हे गाव बाजाराचं आहे. दोडामार्गाकडचा, वेंगुर्ल्याकडचा, आंबोलीच्या पायथ्याचा माणूस ज्या दिवशी आपापला माल घेऊन खाली उतरतो, त्या दिवशी ते जागं असतं.

महिने म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये ऊन वाढतं, पण बाजारात ओले काजूगर आणि सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, येतात, त्यामुळे घाम सोसावा असं माझं मत. मे महिन्यात चाकरमान्यांची गर्दी असते आणि गणपतीच्या आगेमागे तर विचारूच नका. त्या दिवसांत गाडीच्या दाराशी उभं राहायला जागा मिळाली तरी घरच्या देवाला नारळ द्यावा. शिमग्यालाही तसंच. कामासाठी जायचं असेल तर जा, सहल म्हणून नको.

पाऊस आवडणाऱ्यांनी पावसात जायला हरकत नाही, फक्त छत्रीवर विसंबू नका. आंबोलीचा घाट जवळ आहे आणि सावंतवाडीचा पाऊस आडवा येतो. रेनकोट, आणि ओलं झालं तरी चालेल असं पायताण.

तिकीट

रत्नागिरीहून सावंतवाडी रोड जवळजवळ तीन तासांचा प्रवास आहे, कणकवलीहून तासाभराचा, कुडाळहून अर्ध्या तासाच्या आतला. त्यावरून ठरवा. कुडाळ-कणकवलीवाल्यांनी आरक्षणाच्या भानगडीत पडू नये, जनरलचं तिकीट काढून उभं राहिलात तरी उतरायची वेळ येते. रत्नागिरीहून मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी मात्र आरक्षण करावं. सध्या ते प्रवासाच्या 60 दिवस आधी खुलं होतं. कोकणकन्येत पहाटे चढलात तर मुंबईहून निघालेली माणसं अजून झोपलेली असतात आणि जनरलच्या डब्यात वरच्या फळीपासून खालच्या वाटेपर्यंत पाय पसरलेले असतात. कणकवली, कुडाळला बरीच मंडळी उतरतात, तेव्हा कुठे बसायला मिळतं.

जनरलचं तिकीट काढताना एक लक्षात ठेवा. कोकणकन्या आता सुपरफास्ट आहे. खिडकीवर नुसतं "एक सावंतवाडी" म्हणालात तर साधं एक्स्प्रेसचं तिकीट हातात पडेल आणि ते या गाडीला चालत नाही. गाडीचं नाव सांगून तिकीट मागा. जनरलचं तिकीट काढून स्लीपरच्या डब्यात "जागा रिकामी तर आहे" म्हणून बसू नका, तिकीट तपासनीस त्याच रस्त्याने येतो. मोबाइलवर तिकीट काढायचं असेल तर ते घरून किंवा स्टेशनाबाहेर, नेटवर्क असताना काढा.

परतीचं जनरल तिकीट दुसऱ्या टोकालाच काढायचं. 199 किलोमीटरपर्यंतच्या जनरल तिकिटावर ते काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या दिशेची पहिली गाडी सुटेपर्यंत प्रवास सुरू करावा लागतो. सकाळी उतरल्या उतरल्या काढून ठेवलेलं तिकीट संध्याकाळी कामाला येत नाही.

वाटेत

समुद्र दिसेल म्हणून उजवीकडची खिडकी धरू नका. कोकण रेल्वेतून समुद्र जवळजवळ दिसतच नाही. दिसतात त्या नद्या, खाचरं, जांभ्याचे कातळ आणि बोगद्यांचा अंधार. रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात पानवल नदीवरचा पूल लागतो. 64 मीटर उंच आहे, पण थंडीच्या दिवसांत कोकणकन्येतून जाताना बाहेर काळोख असतो. उजाडतं ते राजापूर-वैभववाडीच्या आसपास. तिथून पुढचं पाहा.

चहा डब्यात येतो. वडाही येतो. पोट मात्र राखून ठेवा, सावंतवाडीत न्याहारी करायची आहे.

गाडी सावंतवाडी रोडला फार वेळ थांबत नाही. कुडाळ गेलं की सामान खाली काढा, झारापची पाटी मागे पडली की दाराकडे सरका.

स्टेशन गावात नाही

नवख्यांची गडबड इथे होते. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे. गाव तिथून सात-आठ किलोमीटरवर, मधे घाटी. कोकण रेल्वेवर ज्या स्टेशनाच्या नावात "रोड" आहे तिथे गाव लांब असणार असं धरूनच चालावं. राजापूर रोडला तर ते अंतर याहून कितीतरी जास्त आहे.

बाहेर रिक्षा उभ्या असतात आणि मोठी गाडी आली की भराभर भरतात. एकटे असाल तर "दादा, बाजारात सीटवर नेणार का?" असं विचारा. चौघे असाल तर अख्खी रिक्षा परवडते. भाडं बसण्याआधी ठरवा, उतरल्यावर नाही. एसटीही असते, पण तिची वेळ गाडीशी जुळेलच असं नाही. जुळली तर उत्तम: महिलांना अर्धं तिकीट, 75 वर्षांवरच्यांना मोफत.

एक काम तेव्हाच उरका. ज्या रिक्षाने आलात ती बरी वाटली तर त्या दादांचा नंबर घ्या आणि संध्याकाळची वेळ सांगून ठेवा. संध्याकाळी सातच्या पुढे गावातून स्टेशनाकडे जायला रिक्षा मिळते, पण भाव तुमच्या चेहऱ्यावरची घाई बघून ठरतो.

सकाळ बाजाराची

न्याहारीला उसळ-पाव किंवा आंबोळी. काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली तर दुसरं काही मागवू नका. बाजार कुठवर पसरला आहे ते हॉटेलातच विचारून घ्या.

बाजारात साडेनऊच्या आत शिरा. अकरानंतर ऊन चढतं, चांगला माल गेलेला असतो आणि लांबून आलेल्या बायका परतीच्या एसटीकडे बघायला लागतात. पहिली फेरी नुसती बघायची. काय आलंय, कोणाकडे काय आहे, भाव काय चाललाय. कोकणातल्या आठवडा बाजारात बऱ्याच वस्तू अजून वाट्यावर विकतात. भाजीचा वाटा, सुक्या मासळीचा वाटा, लिंबांचा वाटा. वाट्यात घासाघीस फारशी चालत नाही. "मावशी, वर एक टाका ना" म्हटलं की वाट्यावर एक-दोन नग वाढतात, आणि ती इथली घासाघीस. बोलताना मालवणी येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका. गिऱ्हाईक बाहेरचं आहे हे त्यांना तुमच्या पिशवीवरूनच कळलेलं असतं. "काय व्हया?" म्हणजे काय हवं, असं विचारलं तर साध्या मराठीत सांगा.

घ्यायचं काय? मी नवख्यांना आधी सोलं घ्यायला सांगतो, म्हणजे आमसुलं. दुकानातल्या पाकिटापेक्षा इथली निवडून घेता येतात. एक सोल हातात घेऊन दोन बोटांत दाबा. ते मऊ, किंचित चिकट, काळपट जांभळं असायला हवं. वर पांढरं मीठ खरपुडीसारखं दिसत असेल तर तुम्ही मिठाचे पैसे देताय. कडक, तपकिरी पडलेलं सोल जुन्या वर्षाचं असतं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, उन्हाळ्यात पिकतात, म्हणून नवी सोलं मेअखेरपासून बाजारात यायला लागतात आणि पावसाळ्यानंतर घेतलेली मुरलेली असतात. सोलकढीसाठी आगळ, म्हणजे कोकमाचा रस, घ्यायचं असेल तर बाटलीचं झाकण स्वतः पिळून बघा, वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा आणि बाटली उभी ठेवा. आगळाचा डाग कपड्यावरून जात नाही.

त्याशिवाय उकडा तांदूळ, पेजेसाठी. कुळथाचं पीठ, पिठीसाठी. तिरफळं, पण मूठभरच. बांगड्याच्या तिकल्यात, म्हणजे तिखट कालवणात, पाच-सहा पुरतात आणि पाव किलो घेतलीत तर नातवंडांच्या लग्नापर्यंत संपायची नाहीत. खाजा आणि खटखटे लाडू मुलांसाठी. काजू घ्यायचे तर आख्खेच हवेत हा हट्ट सोडा. भाजीत-शिऱ्यात घालायला तुकडा काजू चालतो आणि स्वस्त पडतो. पावसाळ्यात रानभाज्या असतात. टाकळा ओळखता येतो, बाकीच्या कशा करायच्या हे विकणारीलाच विचारा. ती कृती सांगते, तीही मीठ किती घालायचं यासकट.

सुकी मासळी घेणार असाल तर एकच विनंती: दोन पिशव्यांत बांधून घ्या. परतीच्या डब्यात तुमच्यासोबत आणखी सत्तर माणसं असणार आहेत.

सुट्टे पैसे न्या. मोबाइलवरून पैसे बऱ्याच जणांकडे घेतात, पण टोपलीत चार पेंड्या घेऊन बसलेल्या आजीकडे नाही.

राजवाडा आणि गंजिफा

अकराच्या सुमाराला तळ्याकडे या. मोती तलाव 1874 मधला. त्याच्या काठाला राजवाडा आहे, 1755 ते 1803 या काळात राज्य केलेल्या तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला, जांभ्या दगडाचा. इथे आजही राजघराणं राहतं आणि वाड्याचा काही भाग पाहुण्यांसाठी हॉटेलासारखा चालतो. त्यामुळे आत काय आणि कधी बघता येईल हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. दुपारी बंद असण्याची शक्यता धरा. दरबार हॉलमध्ये फोटो काढण्याआधी विचारा.

इथे खरं बघायचं ते गंजिफा. ही गोल पत्त्यांची जुनी कला संपत आली होती. 1970 च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा सुरू केली. कारागीर काम करत असतील तर पाच मिनिटांत निघू नका. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात 120 पत्ते असतात: दहा अवतार, प्रत्येकाचे बारा. राजा, वजीर आणि एक ते दहा. मत्स्याच्या पत्त्यांवर मासे मोजायचे, कूर्माच्या पत्त्यांवर कासवं, परशुरामाच्या पत्त्यांवर परशू. चिंचोक्याच्या खळीचा थर, त्यावर रंग, मग रेघ. नखाएवढ्या जागेत दहा मासे बसवायचे आणि प्रत्येकाला डोळा काढायचा. हे काम चाललेलं शेजारून पाहिलं की किमतीबद्दल कोणी बोलत नाही. खेळाचा एक नियम मला फार आवडतो: दिवसा खेळायला बसलात तर डावाची सुरुवात रामाच्या राजाने आणि रात्री बसलात तर कृष्णाच्या.

पूर्ण जोड महाग असतो, तो असायलाच हवा. नुसती आठवण म्हणून हवं असेल तर त्याच चित्रकारीच्या छोट्या वस्तू मिळतात.

जेवण आणि दुपार

साडेबारा-एकच्या आत जेवायला बसा. मंगळवारी बाजाराची सगळी माणसं जेवायला येतात आणि चांगल्या खानावळीतला चांगला मासा दोनला संपलेला असतो. पाटी वाचण्यापेक्षा "आज ताजं काय?" विचारा. बांगडा असेल तर बांगडा. सुरमई सगळीकडे मिळते, तिच्यासाठी इथवर यायची गरज नाही. शाकाहारी माणसाचेही हाल होत नाहीत, पण श्रावण सोडून इतर वेळी आधी विचारून घ्यावं.

नंतर एक ते साडेतीन गाव झोपतं. दुकानांची शटरं खाली येतात. पुण्या-मुंबईचा माणूस यावर चिडतो. चिडून शटर वर जात नाही, म्हणून ही वेळ आधीच हिशेबात धरा. मोती तलावाच्या काठाला सावलीत बसायला जागा आहे, केशवसुत कट्टा आहे. लहान मुलं असतील तर काठालगत उद्यान आहे. हौस असेल तर नरेंद्र डोंगराकडे जाता येतं, पण भर दुपारी पोटभर जेवून डोंगर चढायचा विचार मला कधी पटलेला नाही.

याच वेळी कोणीतरी म्हणतं, "आंबोली किती लांब आहे? जाऊन येऊ की." तीस किलोमीटर आणि घाट. जाणं-येणं यातच दुपार जाते, खाली उतरेपर्यंत लाकडी खेळण्यांची चितार आळी बघायची राहते आणि तुतारी तर नक्कीच जाते. शिरोडा, रेडी, वेंगुर्ला यांचंही तसंच. त्यांच्यासाठी मुक्कामाने या.

चितार आळी

साडेतीन-चारला दुकानं उघडली की चितार आळीत जा. लाकडी खेळण्यांची ही जुनी पेठ. बाहेर लाकडी केळी, आंबे, सीताफळं, मिरच्या यांच्या टोपल्या मांडलेल्या, आत पाट, चौरंग, देव्हारे, पाळण्यावरची चिमणाळी आणि भातुकली.

घाई करायची नाही आणि पहिल्या दुकानात घ्यायचं नाही. आता या आळीत दोन प्रकारचा माल आहे, इथे घडलेला आणि बाहेरून आलेला. बाहेरचा वाईटच असतो असं नाही, पण त्यासाठी तुम्ही पहाटे उठून आलेला नाहीत. दुकानदाराला सरळ विचारा, "दादा, हे इथलंच का?" बहुतेक जण खरं सांगतात. न सांगणारा "सगळंच इथलं" म्हणतो, तिथून पुढच्या दुकानात जावं.

वस्तू हातात घ्या. जुन्या पद्धतीची फळं पांगाऱ्याच्या लाकडाची, आणि पांगारा अगदी हलका. आंबा उचलल्यावर तो आतून पोकळ आहे की काय असं वाटलं पाहिजे. मग रंग बघा. लाखकाम लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर होतं, म्हणून ते गोलाकार फिरतं: फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि पसरते. त्यामुळे तिला एक खोल चकाकी असते आणि नखाने पापुद्रा निघत नाही. ब्रशने मारलेला तेलरंग कडेला जाड साचलेला दिसतो, नाकाजवळ नेला तर वासही येतो. फळांवरची चित्रकारी ब्रशनेच होते, ती वेगळी गोष्ट. पण लहान बाळ तोंडात घालणार असेल असा खुळखुळा, गाडा, भोवरा घेताना लाखकामाचाच घ्या आणि सुटे खिळे कुठे नाहीत ना ते बोट फिरवून तपासा.

भातुकली घेताना जातं फिरवून पाहा. खुंटा हलत असेल तर दुसरं मागा. पाटा-वरवंटा, चूल, कढई, पळी, पोळपाट-लाटणं सगळं आहे ना ते मोजा. घरी गेल्यावर लाटणं नाही हे लक्षात आलं तर मुलगी तुम्हाला क्षमा करत नाही.

चौरंग, देव्हारा अशी मोठी वस्तू घ्यायचा मोह होतोच. घेण्याआधी ती दोन्ही हातांत धरून दुकानाबाहेर दहा पावलं चाला. हीच वस्तू घेऊन रिक्षा, फलाट आणि डब्याचं दार पार करायचंय. पाय सुटे करता येणारा चौरंग असेल तर तोच घ्या. दुकानदार जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधून देतात. सुतळीची मूठ करून द्यायला सांगा.

भाव थोडा कमी होतो, पण अर्ध्यावर येत नाही. हाताचं काम करणाऱ्याशी अर्ध्याची भाषा बोलूही नये.

परत

तुतारीच्या वेळेच्या सव्वा तास आधी आळीतून निघा. रिक्षावाल्या दादांना निघण्याच्या अर्धा तास आधी फोन करा. वाटेत पाण्याची बाटली आणि रात्रीपुरता खाऊ घ्या, कारण रत्नागिरीला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळलेली असते. स्टेशनावर आधी तिकीट, मग चहा.

चौरंग बाकाखाली सरकवा, वर ठेवू नका. वळणावर तो खाली येतो आणि नेमका झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर. आगळाची बाटली पायाशी, उभी. मिळाली तर खिडकी घ्या, निदान कणकवलीच्या गड नदीपर्यंत, उजेड असेल तेवढं दिसतं.

गाड्यांचा घोळ झालाच, दरड आली, गाडी रद्द झाली, तर स्टेशनावर वाट बघत बसू नका. तीच रिक्षा पकडून सावंतवाडीच्या एसटी स्टँडवर या. कुडाळ-कणकवलीकडे जाणारी एसटी तिथून मिळते, पण रात्र होईल तशा गाड्या विरळ होत जातात. म्हणून सकाळी तळ्याकडे जाता जाता स्टँडवर डोकावून शेवटच्या एसटीची वेळ चौकशीच्या खिडकीत विचारून घ्या आणि मोबाइलमध्ये फलकाचा फोटो काढून ठेवा.